सातवं घर

दुकानाच्या काचेवर अजून लिहिलेलं आहे
पिओत्रोव्स्की आणि मुलगा.
मुलगा म्हणजे मी. वय एकसष्ट.
फेब्रुवारीत टोलेडोची हवा इतकी कोरडी होते
की भिंतीवरची जुनी वाद्यं रात्री आपोआप तडकतात
आणि सकाळी मी एकेकीला हात लावून विचारतो, कुठे दुखलं?

व्हर्लीन टब्स आली पेटी पोटाशी धरून,
बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर तीनदा झटकून.
"डॅडींची. वाजते, पण मधेच खुडखुडते.
आणि डेट्रॉइटचा एक माणूस मागे लागलाय, विका म्हणून."

झाकण उघडलं.
बासष्ट सालची. चेरीचा लाल
उडत उडत आता कलिंगडाच्या शेवटच्या घासाचा.
पाठीवर बक्कलने खरवडलेला तळहाताएवढा भाग,
शेंड्यावर काळा डाग, तारेत खोचून विसरलेल्या सिगारेटींचा.
कॉर्नेलियस टब्स, काचेचा कारखाना, रात्रपाळी.
सव्वीस हप्ते. पावत्या पेटीच्या कप्प्यात,
वितळलेल्या रबरबँडने एकमेकींना चिकटलेल्या.

मोठं घर, पोकळ वासा म्हणतात.
हिचं उलट. घर पोकळ, वासा भरीव.
मधोमध मेपलचा ओंडका, गळ्यापासून बुडापर्यंत,
आणि त्याच्या दोन अंगांना दोन रिकाम्या खोल्या,
एकमेकींना जन्मात न दिसलेल्या.
ओंडका सूर धरून ठेवतो, खोल्या त्याला श्वास देतात.
नुसती पोकळ असती तर अँपसमोर किंचाळली असती.
नुसती भरीव असती
तर त्या दिवशी आम्हाला काहीच सापडलं नसतं.

एकेक घर दाबत गेलो.
तिसरी तार. पाचवं स्वच्छ. सहावं स्वच्छ.
सातव्यावर खुडखुड,
डब्यात एकच शेंगदाणा उरावा तशी.
स्क्रू आवळले, पिकअपची चौकट दाबून धरली,
नाही.
मग दंतवैद्याचा छोटा आरसा,
वडिलांनी कधीतरी मागून आणलेला आणि परत न केलेला,
डाव्या बाजूच्या वळणदार चिरेतून आत सरकवला.
धूळ. तारेचा एक तुकडा.
कोपऱ्यात काहीतरी पांढरं.

उपडी केली, हलवली, पुन्हा हलवली.
हातावर पडला
दुधाचा दात.

बराच वेळ हीटरच बोलत होता.
"माझा," व्हर्लीन म्हणाली. "मी सात वर्षांची होते.
आई म्हणाली, उशीखाली ठेव, परी पैसे देते.
मला पैसे नको होते.
डॅडी रविवारभर जिथे मान वाकवून बघत बसायचे
तिथे मला जायचं होतं."

मग ती हसायला लागली, डोळे पुसत, नाक पुसत.
"अहो, डॅडी त्या सुरावर कधी थांबलेच नाहीत!
सहाव्यावरून सरळ आठव्यावर.
चर्चमधल्या सगळ्या पोरांनी ती उडी उचलली,
टब्सची उडी म्हणतात तिला.
नव्या पाद्रीबाबांना वाटतं, ही आमच्या चर्चची शैली.
म्हणजे... त्यांना माहीत होतं?"

मी म्हणालो, आरसा त्यांच्याकडेही असणार.
दाढीचा तरी.

तेवढ्यात डेट्रॉइटचा फोन.
सगळं मूळचं आहे ना? आतले सांधे कोणी उघडले नाहीत ना?
मी व्हर्लीनकडे पाहिलं. तिने दात मुठीत मिटला होता.
"विकायची नाहीये," मी म्हणालो, आणि ठेवून दिला.

"परत आत टाका."
खुडखुडेल.
"खुडखुडू दे."

आत पडताना टक् झालं, इतकंच.
तिने गिटार मांडीवर घेतली. संधिवाताची बोटं,
चुकत, थांबत, एका ओळखीच्या चालीने चढत
सहाव्या घराशी आली
आणि या वेळी उडी मारली नाही.

पावतीवर मी लिहिलं:
तारा सहा, नव्या. साफसफाई.
खुडखुड, आहे तशी.